लागते, पण कधी कधी

गाडी मुळीच सुरू होत नसेल तर मालकाला फारशी काळजी नसते. ओढून गॅरेजात न्यायची, बिल भरायचं, चार दिवस रिक्षावाल्यांशी वाद घालायचा, विषय संपला. माणसाला पिळते ती कधी कधी सुरू न होणारी गाडी. आमची चौदा वर्षांची हॅचबॅक या विद्येत पारंगत होती. एकटा बसून पेट्रोल भरायला निघालो की किल्ली फिरवताच सुरू. लग्नाला निघालो, सासूबाई मागच्या सीटवर शालू सावरून बसल्या, सोसायटीच्या गॅलऱ्यांतून चार माणसं बघताहेत, की बॉनेटखालून फक्त एक ‘टक्’. पुढे शांतता.

“अहो, किल्ली नीट फिरवा की,” बायको म्हणायची. किल्ली फिरवण्याचे प्रकार तरी किती असणार! पण मी पुन्हा फिरवायचो आणि कधी गाडी लागायची, मग बायको माझ्याकडे नुसती बघायची. नाही लागली तर वॉचमन, पेपरवाला आणि पहिल्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मिळून धक्का मारायचे. सेकंड गिअर टाकायचा, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. चाकं इंजिन फिरवतात, सेल्फची गरजच उरत नाही. सासूबाई धक्क्याच्या वेळीही उतरत नसत. शालूची घडी मोडते.

गॅरेजच्या दारात मात्र गाडी गुणाची पुतळी. मेकॅनिकनं किल्ली फिरवली, लागली. बंद करून फिरवली, लागली. “साहेब, झटक्यात लागतेय की!” असं म्हणून त्यानं गाडीऐवजी मलाच आपादमस्तक तपासलं. “आता बंद पडली की लगेच घेऊन या.” बंद पडलेली गाडी लगेच कशी आणायची हे विचारेपर्यंत तो दुसऱ्या गाडीखाली शिरला होता.

पुण्यात बॉनेट उघडं ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की तज्ज्ञ समिती आपोआप जमते. तळमजल्यावरचे काका समितीचे कायमचे अध्यक्ष. “आमच्या फियाटला हँडल होतं. पुढनं घालायचं, एक हिसका, की गाडी सुरू. हे सेल्फचं थेर कुणी आणलं?” आणलं अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं. 1912 च्या कॅडिलॅकला त्याचा विजेचा सेल्फ बसला. त्याआधी हँडल उलटं फिरून लोकांची मनगटं मोडत. हे सांगितल्यावर काका म्हणाले, “मोडत असतील अमेरिकनांची.”

समितीचा पहिला निर्णय एकमतानं झाला : बॅटरी गेली. नवी घातली. आजार पळाला! काकांनी आठवडाभर जिन्यात गाठून मला त्याची आठवण करून दिली. मग एका संध्याकाळी, नाटकाची तिकिटं खिशात असताना, ‘टक्’.

मेहुणा म्हणाला, “भावजी, बॅटरीचा काय संबंध? सेल्फ उघडा.” नाना पेठेतून कार्बन आले, बुश आले, सेल्फ उतरवून, साफ करून परत चढला. पुन्हा गुण आला. महिनाभर मेहुण्याचा रुबाब काय वर्णावा! त्यानंतर गॅरेजवाल्यानं इग्निशन स्विच बदलला. त्यालाही गुण आला. मधल्या काळात वहिनींनी बंपरला लिंबूमिरची बांधली, तिलासुद्धा आला. आणि सगळ्या उपायांत तोच काय तो खिशाला परवडणारा होता.

येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची हीच गंमत आहे. त्यावर प्रत्येक औषध लागू पडतं. आजार स्वतःहून जातो आणि त्या वेळी ज्याचा हात गाडीवर असेल तो धन्वंतरी ठरतो.

अखेर कुणीतरी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून प्रश्न विचारले. “आवाज एकदाच टक्, का टकटकटक? त्या वेळी हेडलाइट मंद होतो, का तसाच राहतो? इंजिन गार असताना, का गरम? पाऊस होता?” यातलं एकही उत्तर मला देता येईना. मला लग्नाचा मुहूर्त तेवढा आठवत होता.

“मग वही घाला साहेब,” चाचा म्हणाले, आणि चहा येईपर्यंत सगळं शास्त्र मांडून मोकळे झाले. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर स्विच, रिले किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर बघायची. टकटकटक आणि दिवे मेल्यासारखे, तर बॅटरी उतरलीय किंवा तिची टर्मिनलं खराब आहेत. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर सेल्फला शिव्या देऊ नका. पेट्रोल पंप, प्लग, क्रँक सेन्सर तिकडे बघा. हा सेन्सर तर गरम झाला की रुसतो आणि गार झाला की हसतो. आणि एकच टक्, दिवे मात्र लख्ख, तर बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही.

वही घातली. नोंदी बायकोनं ठेवल्या, कारण माझ्या स्मरणशक्तीवर तिचा विश्वास नाही. “रविवार, सकाळ. रात्रभर पाऊस. एकच टक्. दिवे लख्ख. आई गाडीत.” “गुरुवार, संध्याकाळ. एकच टक्. हॉर्न खणखणीत. आई गाडीत.” चाचांनी वही शांतपणे वाचली आणि प्रत्येक नोंदीतलं शेवटचं वाक्य वगळून बाकीचा पुरावा ग्राह्य धरला.

पुढच्या वेळी गाडीनं मान टाकली तेव्हा मी किल्लीला परत हात न लावता चाचांना फोन केला. ते स्कूटरवरून मल्टिमीटर घेऊन आले. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर टेकवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. “मारा सेल्फ.” टक्. मीटरवरचा आकडा आठच्या पुढे उडाला. बॅटरीचे व्होल्ट बारा. त्यातले आठ परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. तिथे पाव व्होल्टाहून जास्त जाता कामा नये.

“आता इथे हात लावा.” क्लचची केबल चक्क कोमट लागत होती! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते, तीच अर्थिंग. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात आणि तेवढेच या पट्टीतून परत यावे लागतात. पट्टीनं दाद दिली नाही, की विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद झाल्यावर वाहनं जशी मिळेल त्या बोळात घुसतात, तसा करंट क्लचच्या केबलमध्ये घुसतो आणि तिला तापवतो. दिव्यांची अर्थिंग थेट बॉडीला, त्यामुळे ते आपले लख्खच.

चाचांनी गिअरबॉक्सवरचा बोल्ट सोडवला. पट्टीच्या टोकाखाली गंज आणि हिरवट भुकटी. पॉलिश पेपरनं जागा घासून चकचकीत केली, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. सेल्फ मारला, मीटर जेमतेम हलला आणि गाडी लागली. पट्टीची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातल्या जीएसटीहूनही कमी.

मग आधीच्या उपायांना गुण का आला? तर पट्टीचा बोल्ट सेल्फच्या शेजारीच. बॅटरी काढा, सेल्फ उतरवा, स्विच बदला. कुठल्याही निमित्तानं केबली ओढल्या गेल्या, पट्टी हलली, की गंज जरा सरकायचा आणि काही दिवस करंटला वाट मिळायची. बंब रामेश्वरी गेला आणि सोमेश्वरीची आग आपोआप विझली, असं दर वेळी घडत होतं. लिंबूमिरचीचा खुलासा मात्र चाचांकडेही नाही. गाडी आता नेमानं लागते. काका म्हणतात, बॅटरी चांगली होती म्हणूनच हे निभावलं. मेहुणा म्हणतो, सेल्फ वेळेत उघडला म्हणून.

तेव्हा वाचकहो, तुमच्या जुन्या गाडीनं असे नखरे सुरू केले तर पाकिटात हात घालण्याआधी हेडलाइट लावून किल्ली फिरवा आणि दिव्यांकडे बघा. मग टर्मिनलं आणि अर्थिंग घासून घ्या. आणि मोजमाप करायचं ते गाडी अडून बसलेली असतानाच. लागलेल्या गाडीत बिघाड शोधून देतो असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो बहुधा बॅटऱ्या विकतो.