पोटभाडेकरू

मराठीत ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरायचा विजेचा दिवा, त्या दिव्याच्या पोटात घालायच्या वस्तूचे नाव ‘सेल’, आणि शाळेत चष्मा लावून येणाऱ्या मुलालाही ‘बॅटरी’च म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे ‘बॅटरीची सुरक्षितता’ हा विषय प्रथमदर्शनी नेत्रवैद्यकाचा वाटण्याची शक्यता आहे. प्रस्तुत विवेचन मात्र मुख्यत्वे जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये मुक्काम ठोकून बसलेल्या सेलांविषयी असून त्यासाठी बडोद्याइतके सोयीचे गाव सापडणे कठीण. बडोदा संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते, ते १९४८ मध्ये आकाशवाणीकडे गेले. पुढे १९७०च्या दशकात लखनपाल नॅशनल ही कंपनी जपानच्या मात्सुशिताच्या सहकार्याने याच शहरात ‘नोविनो’ सेल बनवू लागली. म्हणजे ऐकण्याची आणि ऐकण्यास लागणाऱ्या विजेची, दोन्ही सोयी गावातच झाल्या.

साध्या सेलची रचना पाहिली की पुढच्या अनर्थाचा उलगडा होतो. सेलचे बाहेरचे डबडे जस्ताचे असते, मध्ये कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, आणि जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये या सर्वांना ओलावा देणारा नवसागराचा लगदा. कल्हईवाला भांड्यावर टाकून धूर काढतो तोच हा नवसागर. यातून दीड व्होल्ट मिळतात, परंतु ते देताना जस्त झिजत जाते, म्हणजे हा भाडेकरू ज्या भिंतींच्या आत राहतो त्याच भिंती खाऊन उदरनिर्वाह करतो. भिंतीला भोक पडले की आम्लधर्मी लगदा बाहेर येतो आणि पितळी पट्ट्या, स्प्रिंगा व तारा यांवर हिरवा-पांढरा थर चढतो, जो पाहून अनुभवी बडोदेकराला प्रथम गावचा लीला (गुजरातीत हिरवा) चिवडा आठवावा.

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मराठी घराच्या माळ्यावरून खाली आलेला ट्रान्झिस्टर बहुधा याच कारणाने मुका झालेला असतो, आणि त्याचा दोष सेलइतकाच ‘अजून थोडा जीव आहे त्यात’ या काटकसरी वाक्याकडेही जातो. सेल संपला हे मान्य करणे मराठी कुटुंबाला फार जड जाते. तो आधी उन्हात ठेवला जातो, मग त्याची जागा बदलून पुढचा मागे केला जातो आणि अखेरीस दातांनी चावला जातो. हे उपाय सर्वस्वी अंधश्रद्धेचे नव्हेत: उष्णतेने रासायनिक क्रियेला क्षणभर वेग येतो, तर चावल्याने आतला सुकलेला माल पुन्हा एकमेकांना चिकटतो. परंतु त्याच दातांनी जस्ताचे उरलेसुरले कवचही फाटू शकते. अर्ध्या तासाच्या गाण्यांसाठी दात आणि रेडिओ दोन्ही पणाला लावण्याची ही बुद्धी काटकसरीची म्हणवत नाही.

सांडलेला सेल कोणत्या जातीचा, हे पाहूनच सफाई करावी लागते. नवसागराच्या लगद्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी चालते. अल्कलाइन सेलमध्ये मात्र पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक क्षार असतो, त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागते. दोन्ही प्रसंगी हातमोजे आवश्यक आहेत, कापसाचा बोळा किंचित ओला असणे पुरेसे आहे आणि आतले सर्व कोरडे झाल्याखेरीज नवे सेल घालू नयेत. जुन्या व नव्या सेलांचा आंतरपिढीय संसारही मांडू नये, कारण त्यात थकलेला सेल ओढला जाऊन लवकर सांडतो.

लिथियम-आयनची गोष्ट अधिक गंभीर आहे. ही बॅटरी १९९१ मध्ये सोनीने प्रथम बाजारात आणली, त्यामुळे त्या पिढीचे कॅमेरे व फोनही आता ‘जुने’ म्हणून विकले जातात. स्वयंपाकघरात फुगणे हे पुरीचे यश असते. बॅटरीचे फुगणे म्हणजे आत वायू साठल्याची खूण असून तिला दाबणे, टोचणे किंवा ‘एकदा लावून तर पाहू’ म्हणून चार्ज करणे आगीला आमंत्रण ठरते. बटणासारखा छोटा सेल मुलाने गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तेथे घरगुती उपायांची चर्चा न करता थेट रुग्णालय गाठावे. वापरलेल्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्या घरातल्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून पुनर्चक्रणासाठी द्याव्यात, असे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम सांगतात. त्यामुळे त्या मेथीच्या देठांबरोबर टाकणे नियमबाह्य आहे.

ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा ट्रान्झिस्टर आहे त्यांनी आजच शिडी लावावी. झाकण उघडताना डोळ्यांवर चष्मा मात्र असू द्यावा. कोणी ‘बॅटरी’ म्हटले तरी चालेल.