लासूरला उठवा

प्रवासाने मनुष्य बहुश्रुत होतो असे जे विद्वान सांगत आले, त्यांना आगगाडीत झोप येत नसावी; कारण माझ्या हातून जी काही मुलूखगिरी घडली, ती उतरायचे स्थानक मागे टाकून पुढे गेल्यामुळेच घडली आहे. दौंड मी पाहिले ते पुण्याला जाग न आल्यामुळे, आणि परभणीशी माझा परिचय झाला तो जालन्याला डोळा न उघडल्यामुळे. तेव्हा औरंगाबादेहून लासूर स्टेशन हा उणापुरा चाळीसेक किलोमीटरांचा प्रवास माझ्यावर सोपवताना आईला जी धाकधूक वाटत होती, ती मातेच्या अंतःकरणाची नव्हे, अनुभवाची होती. कामगिरी मात्र अशी नाजूक होती की घरात दुसरा कोणी ती पत्करण्यास राजी नव्हता. लासूरला अप्पांचा काढा पोचवायचा होता.

अप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. निजामाच्या अमदानीत ते तहसिलीत पेशकार होते आणि दफ्तर उर्दूत लिहीत. 17 सप्टेंबर 1948 ला निजामशाही गेली, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला; एवढ्या उलथापालथीत अप्पांची खुर्ची हलली नाही आणि सायंकाळी सातची त्यांची वेळही हलली नाही. सात वाजता ओसरीवर पाट मांडावा, पितळेचे फुलपात्र ठेवावे, त्यात औंसभर ब्रँडी आणि वर ऊन पाणी ओतावे, आणि संध्येतल्या आचमनाप्रमाणे तीन घोटांत ते संपवून डोळे मिटून घटकाभर स्वस्थ बसावे, हा त्यांचा परिपाठ. मामी पाण्याचे तपेले आणताना गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने “अप्पा, काढा घ्या हो तुमचा” म्हणत, आणि गल्लीही तितक्याच अदबीने आपले नाक दुसरीकडे वळवी.

काढा लासूरलाच मिळत नव्हता असे नाही. जिथे कांद्याचा नि कापसाचा एवढा मोठा बाजार भरतो, तिथे घसा ओला करण्याची सोय नसेल कशी? परंतु मामा तिथल्या शाळेत मास्तर. त्यांनी दुकानाची पायरी चढावी आणि वरच्या पायरीवर इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याचा बाप भेटावा, हे शोभण्यासारखे नव्हते. म्हणून बाटली औरंगाबादेहून जाई. शिवाय अप्पा पडले कायद्याचे माणूस. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आणि त्याअन्वये पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, ही गोष्ट बहुतेक पिणाऱ्यांच्या गावीही नसते; अप्पांनी मात्र तो रीतसर काढून, रेशनकार्ड व सात-बाराच्या उताऱ्यासमवेत बासनात बांधून ठेवला होता. नेणाऱ्याचे काय, हा पेच त्यांनी आपल्या परीने सोडवला होता. पोस्टाने मला एक मुखत्यारपत्र आले: “सदर इसम माझा सख्खा नातू असून स्वतः बिलकुल घेत नाही. त्याजपाशी असलेली चीज माझी समजावी व त्यास वाटेत कोणी मुजाहिम होऊ नये.” खाली तारीख, वार आणि लफ्फेदार उर्दू सही. कायद्यापुढे हा कागद किती टिकला असता देव जाणे, पण त्यातला एक मजकूर अक्षरशः खरा होता. पंचामृत जरा आंबले तरी ज्याला उचकी लागते, असा मी इसम आहे.

आता आईची कर्तबगारी. ब्रँडीची बाटली पिशवीतून डोकावली तर अब्रू जाईल, म्हणून तिने तो सगळा ऐवज कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतला, वर चिकटपट्टीने “अप्पांचे औषध” अशी चिठ्ठी लावली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बाटली माझ्या पिशवीत ठेवली. त्या बाटलीच्या झाकणाचे आटे झिजलेले आहेत, हे तिला ठाऊक होते. मला सांगायचे मात्र राहिले.

दुपारच्या पॅसेंजरला खिडकी मिळाली. समोरच्या बाकावर तुळशीची माळ घातलेल्या एक आजीबाई, शेजारी त्यांचा मुलगा आणि कडेला खताच्या पिशवीवर बसलेले एक गृहस्थ. माझा स्वभाव मला माहीत असल्याने गाडी हलताच मी तिघांनाही हात जोडून विनंती केली, “मला लासूरला उठवा.” आजीबाई म्हणाल्या, “झोप बाबा निवांत.” दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत मी जागा होतो. मुहम्मद तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी इथे आणली आणि काही वर्षांत दिल्लीला परत नेली. या मार्गावर भलत्या ठिकाणी उतरून माघारी जाणारा मी पहिला नव्हे, एवढा विचार मनात आला, आणि डोळा लागला.

पुढचा वृत्तांत मला नंतर कळला. पोटूळच्या सुमारास झाकण ढिले झाले असावे. लुगड्याच्या तुकड्याने ती चीज आधी इमानाने पिऊन घेतली आणि मग माझ्या मांडीवर सोडली. डब्यात सुगंध पसरला. खतवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. मी मान टाकून, तोंड उघडे ठेवून घोरत होतो. लासूर आले. मुलगा मला हलवायला उठला, तेव्हा आजीबाईंनी त्याचा सदरा धरला: “राहू दे रे. प्यालेल्या माणसाला उठवू नये, डोस्क्यात राख घालतंय.” खतवाले गृहस्थ लासूरला उतरले, जाताना माझी चप्पल पायाने बाकाखाली सारून गेले, कोणी नेऊ नये म्हणून. इतक्या सद्भावनेने माझा घात आजवर कोणी केला नव्हता.

जाग आली तेव्हा गाडी रोटेगावला उभी होती. आजीबाई करुणेने म्हणाल्या, “लासूर गेलं बाबा. घरी बायको-लेकरं असतील, सोड हे.” मी मुखत्यारपत्र काढून दाखवले. ते भिजले होते आणि वासही त्यालाच अधिक येत होता.

हा मार्ग 1900 च्या सुमारास मीटरगेजवर सुरू झाला आणि नव्वदीच्या दशकात रुंद झाला. मनमाड ते औरंगाबाद 113 किलोमीटर. अप्पा म्हणत, मीटरगेजच्या गाडीत झोपलेला मनुष्य झोप पूर्ण करून उठला तरी स्थानक यायचेच असे. मला हे रुंदीकरण त्या दिवशी मुळीच आवडले नाही. परतीच्या गाडीला उशीर होता आणि खिशात टेलिफोन बाळगण्याची चाल अजून पडायची होती. शेवटी वैजापूरहून लासूरच्या बाजाराला निघालेला कांद्याचा टेम्पो मिळाला, आणि गोण्यांवर बसवून घेण्याचा चालकाचा आग्रह मी तात्काळ मान्य केला, कारण माझ्या अंगाच्या वासावर मात करील असा वास त्या टापूत कांद्याचाच होता.

पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. ओसरीवर पाट मांडलेला. अप्पा खुर्चीत ताठ बसलेले, समोर कोरडे फुलपात्र. मामांनी शेजारून थोडी उसनी आणण्याची तयारी दाखवली होती, ती त्यांनी मानेनेच नाकारली होती.

“काय बरखुरदार, स्वारी कुठवर गेली होती?”

“रोटेगावला, अप्पा.”

“करोडगिरीचा नाका ओलांडला नाहीत, हे उत्तम केलंत.”

मी बाटली पुढे केली. ती उजेडात धरून पाहताना त्यांच्या भिवया किंचित हलल्या, एवढेच. मग त्यांनी फुलपात्र कलते केले, आणि आतल्या अंगाला, बुडापासून दोन बोटांवर, एक बारीक ओरखडा मला दिसला. तो आजीने खिळ्याने ओढला होता, लग्नानंतर काही वर्षांनी, कुठल्याशा कडाक्याच्या भांडणाच्या अखेरीस. याच्या वर जायचे नाही, असा तो तह होता. दर कल्हईला ती रेघ बुजत असे आणि आजी पुन्हा ओढीत असे. आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. कल्हईवाला येऊन गेला की आता अप्पाच चष्मा लावून खिळा घेऊन बसत, आणि मामा सांगत की दर खेपेला ती रेघ गव्हाच्या दाण्याएवढी खाली येते, वर कधी जात नाही.

“आज फार खोळंबलात, जरा जास्ती घ्या,” मी अपराधी स्वरात म्हणालो. अप्पांनी रेघेपर्यंत ओतले, पाणी घातले, तीन घोटांत संपवले आणि डोळे मिटले. मामींनी एवढ्या रात्रीही गल्लीच्या दिशेने “काढा झाला का हो अप्पा?” असे विचारून घेतले.

सकाळी शिवना नदीवरून जाऊन दाक्षायणीचे दर्शन घेतले. देवीला जे सांगायचे ते सांगितले. परतलो तो मामा बाटलीला पट्टी लावून हिशेब करीत होते. पंचवीस सायंकाळींचा माल निघाला होता, अकरांचा पोचला होता. बाराव्या दिवशी मला पुन्हा पाठवण्यात आले, एसटीने, उभ्याने.