मिरगाच्या आत

"वैनी, ओ वैनी! जरा भिंतीकडं या की. काल टेप घेऊन तुमच्या माळवदावर फिरायलेलं कोण होतं ओ?"

"गुत्तेदार हाय अक्का. माळवद उतरवून स्लॅब टाकायचं म्हणायलेत हे. मिरगाच्या आत."

"आगं माय! आन् भिंती?"

"भिंती त्याच. दीड हात रुंद दगडी भिंती कशाला पाडायच्या, म्हणला त्यो."

"रुंद हायत, पण आत काय हाय? मातीच की. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तवा आपल्या उदगिरातबी अख्खी गल्ली पहाटं रस्त्यावर आली होती. तिकडं हजारो माणसं मेली ती असल्याच भिंतींखाली. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधी माती आन् चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच न्हाई. हादऱ्यानं थर सुटे झाले, आन् वर माळवदाची सगळी माती!"

"म्हणून तर माळवद काढायलोय."

"काढा की. पण त्याच भिंतीवर स्लॅबचं ओझं कशाला? इंजिनिअरला दाखवा, कॉलम घ्या. आन् आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळती, पावसाळ्यात फुगती. खड्डा मुरूम लागेस्तोवर घ्यायचा. त्यो तीन फुटावर थांबला तर तुम्ही थांबू नका."

"खर्च वाढतोय ओ. ह्यानं सगळ्यात कमी भाव सांगितलाय."

"माल धरून, का नुसती मजुरी?"

"ते… ह्यांनी इचारलं न्हाई वाटतं."

"घ्या! ह्यानं ह्याच्या आधी बांधलेलं घर बघितलंत? नवं नको, दोन पावसाळे खाल्लेलं बघा. आन् मालकाला इचारू नका, त्याला त्याच्या एलिव्हेशनचंच कौतुक. मालकिणीला इचारा. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून बघा, जाळीकडं जातंय का दाराकडं यायलंय. माझ्या जावेच्या घरी दाराकडं येतं. रोज खराट्यानं लोटती बिचारी."

"पैसे मात्र निम्मे आधी मागायलाय."

"निम्मे? निम्मे घेऊन दुसऱ्याच्या साईटवर गेला की फोनबी लागत न्हाई. मागल्या गल्लीत एकांनी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. जोत्याला थोडे, लिंटलला थोडे, स्लॅबला थोडे, असं द्या. कागदावर लिहून घ्या. आन् थोडे पहिला पाऊस झाल्याबिगर देऊच नका. स्लॅबवर आळी करून आठ-दहा दिवस पाणी ठेवायचं, ते टँकर कुणाचे? तेबी लिहा. वैशाखात टँकर काय भावानं मिळतो ठाव हाय न्हवं?"

"पण माणूस चांगला वाटला ओ अक्का. जुनं लाकूड उचलून न्यायचे पैसेसुदीक नको म्हणला. तसंच नेतो, तुमची जागा मोकळी करून देतो, म्हणला."

"कुठलं लाकूड?"

"माळवदाच्या तुळया. खांब. चौकटी."

"वैनी! सागवान हाय ते! तुमच्या आजेसासऱ्याच्या टायमाचं! आता कळलं भाव कमी का सांगितला ते. भाऊजी हायत का घरात? हाक मारा त्यांना, मीच बोलते. आन् आधी पोराला माळवदाखाली पाठवा, तुळया किती हायत ते मोजू द्या."