चारमुखी पाचर : नवशिक्यांसाठी

प्रथम अभिनंदन! मिशिगनमध्ये घर घेतलंत, त्यात लाकूड जाळायचा स्टोव्ह निघाला, आणि आता अंगणात ओंडके फोडायचं हायड्रॉलिक यंत्र उभं आहे. साधी पाचर एका दाबात दोनच फाळ्या करते, याचा कंटाळा यायला फार वेळ लागत नाही. त्यावर उपाय चारमुखी पाचर. मूळ पाचरीवर टोपीसारखी चढवायची. दोन्ही अंगांना आडवे पंख. एका दाबात चार फाळ्या. जाहिरातीत तरी.

आधी यंत्रावर छापलेला टनांचा आकडा वाचा, मग तो विसरा आणि सिलिंडर मोजा. आतला व्यास ४ इंच आणि तेलाचा दाब दर चौरस इंचाला ३,००० पौंड असेल, तर जोर भरतो अमेरिकी मापाने जेमतेम १९ टन. स्टिकर काहीही म्हणो.

पाचर घेताना बाजूने बघा. चांगल्या पाचरीत उभी धार पुढे असते, पंख जरा मागे. आधी ओंडका दुभंगतो, मग पंख कामाला लागतात. सगळ्या धारा एकदम भिडल्या तर सगळा भार एकाच क्षणी येतो. पंप बहुधा दोन टप्प्यांचा असतो : ओंडका ढकलणारा दट्ट्या मोकळा असेतो तेल भरपूर नि दाब कमी, लाकूड अडलं की तेल थोडं, दाब जास्त. गती मंदावते, इंजिनाचा आवाज जड होतो. इथे नवशिका एक पाऊल मागे सरकतो. सरका.

पंखांची उंची ओंडक्याच्या मध्याला जुळवा. नाहीतर वरून नुसत्या ढलप्या निघतील. उंची बदलत नसेल, तर सारख्या जाडीचे ओंडके निवडून घ्या. या निवडीतच बराच वेळ जातो, हे घरात बोलू नका.

यंत्र चालवायचा दांडा आणि ओंडका एकाच माणसाच्या ताब्यात हवेत. उत्साही मेव्हण्याला फाळ्या रचायला बसवा. नळीतून तेल गळतंय असं वाटलं तर पुठ्ठा धरून पाहा, हात कधीच नको. ती बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठायचं. यात विनोद नाही.

आता लाकूड. सुरुवात अॅशने करा. तो पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास ओळखला गेला, आणि तेव्हापासून मेलेल्या अॅशला तोटा नाही. धागा सरळ, फुटतो छान. शेजारी एल्म फुकट देऊ करील. एल्मचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. फुकटचं कारण पहिल्याच ओंडक्याला कळतं. फांद्या फुटलेलं बेचकंही तसलंच.

तरीही ओंडका पाचरीत अडकलाच, तर? दट्ट्या पाचरीच्या अलीकडेच थांबतो, म्हणून रुतलेल्या ओंडक्याला ढकलायला मागून दुसरा पाठवतात. तो सरळ, बिनगाठीचा निवडा. तोही रुतला, तर तिसऱ्याला यंत्रात जागा नसते. इंजिन बंद करा आणि घण आणा.