चिखलाच्या दर्शनाला

आमच्या टूर मॅनेजरची पर्यटनावर दोनच मतं आहेत : लवकर उठावं आणि पाणी भरपूर प्यावं. पैकी पहिल्याला मी जन्मभर तत्त्वतः विरोध करत आलो आहे. दुसरं निरुपद्रवी वाटलं.

अंदमानात बाराटांगला जायचं तर पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजय पुरम, आमच्या हॉटेलच्या टॉवेलांना ही बातमी कळलेली नव्हती) मध्यरात्रीच सोडावं लागतं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा पहिला ताफा सकाळी सहाला सुटतो आणि आपली गाडी त्यात पुढे असावी म्हणून सगळं बेट काळोखात रांग लावतं. बेट बंगालच्या उपसागरात एवढं पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे पाचच्या सुमाराला लख्ख उजाडतं आणि आपण फार उशिरा उठलोय असा सूर्याचा चेहरा असतो.

नाक्यावर आधार कार्ड दाखवायचं, फॉर्म भरायचा आणि थांबायचं. थांबलेला मराठी माणूस चहा पितो. मी प्यायलो. मग शहाळं आलं. ‘‘घ्या हो, पुढे काही मिळणार नाही,’’ ही म्हणाली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुर्घटना या वाक्याने सुरू होतात.

पुढचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, उतरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काचेतून खाऊ द्यायचा नाही, चाळीसच्या वर वेग न्यायचा नाही. नियमांची पाटी वाचून मी मान डोलावली. नियम उत्तम होते. ताफा सुटला आणि साधारण पाचव्या किलोमीटरला शहाळ्याने चहाशी संधान बांधलं.

‘‘भैया, दो मिनट रुकेंगे?’’

‘‘साब, रुकना मना है.’’

‘‘इमर्जन्सी है.’’

‘‘सबको यहीं पे होता है, साब.’’

चाळीसचा वेग किती कमी असतो हे मला त्या दिवशी समजलं. प्रत्येक खड्ड्याची मी वैयक्तिक दखल घेत होतो. बाहेर गर्जनाची उंचच उंच झाडं, वेली, नेचे, सकाळचं धुकं असं सगळं होतं म्हणतात. मी समोरच्या सीटची शिवण मोजत होतो. मागून कुणीतरी बाटलीचा उपाय सुचवला. त्या माणसाशी मी उरलेली सहल बोललो नाही.

एवढ्यात गाडीत कुजबुज सुरू झाली. ‘‘दिसले का? डाव्या बाजूला बघा, डाव्या!’’ ताडोबात वाघासाठी लोक करतात त्याच सुरात. मला भयंकर राग आला, आणि तो केवळ मूत्राशयाचा नव्हता. हजारो वर्षं या जंगलात राहणारी ही माणसं. २०११च्या जनगणनेत जेमतेम ३८० भरली. हा रस्ता राखीव क्षेत्रातून बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं होतं. तो बंद झाला नाही, म्हणून तर आम्ही त्यावर होतो. मी काही बोलणार, तोच पुढच्या सीटवरच्या सांगलीच्या काकूंनी खिडकीचा पडदा सर्रकन ओढला. ‘‘दुसऱ्याच्या दारातनं जातोय आपण. डोकावताय काय?’’ गाडी गप्प झाली. मग एकेक करत सगळ्यांनीच पडदे ओढले. त्या मिनिटभरात माझी अडचण मी साफ विसरलो होतो.

मग खड्डा आला.

मिडल स्ट्रेटचा धक्का दिसला तेव्हा गाडी पुरती थांबायच्या आत मी उतरलो होतो. स्वच्छतागृहासमोर रांग होती. अख्खा ताफा शहाळं प्यायलेला.

त्यानंतर जग फार सुंदर झालं. फेरीबोटीने पलीकडे, तिथून छोट्या बोटीने खाडीतून, मग कांदळांच्या कमानीखालून चुनखडीच्या गुहांकडे. पावसाचं पाणी चुना विरघळवत झिरपतं आणि थेंबाथेंबाने छतावरून खडक खाली वाढत येतो; हात लावू नका, तेलकट बोटांनी वाढ थांबते, असं वाटाड्या मुलगा कळवळून सांगत होता. बाटलीवाले गृहस्थ हात लावून बघत होते.

आणि शेवटी चिखलाचा ज्वालामुखी. पायऱ्या चढून धापा टाकत वर गेलो, तर कुंपणाच्या आत राखाडी चिखल, जूनमधल्या आमच्या गल्लीइतकाच. अधूनमधून एक बुडबुडा येई, विचार करी आणि फुटे. खालून वायू वर येताना चिखल ढकलतो, एवढीच ही भानगड. आग नाही, लाव्हा नाही. काकूंनी कठड्याला टेकून बराच वेळ पाहिलं. ‘‘पिठलं बरं शिजतं याहून,’’ म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

गटाचा हिरमोड पाहून टूर मॅनेजर सरसावला. खरा, धगधगता ज्वालामुखी हवा तर बॅरन बेट आहे म्हणाला; दीडेकशे वर्षं झोपून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झालाय. बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचा. समुद्रातून कित्येक तासांचा प्रवास, पण दृश्य असं की...

बोटीवर सोय असते का, एवढंच मी विचारलं.