मुलाला परत आणायला

परदेशात माणसे सुखी होतात म्हणे. या अफवेचा सोक्षमोक्ष लावायला मी श्टुटगार्टला गेलो. सांगायचे कारण नात. खरे कारण चिरंजिवांना पुण्याला परत आणणे. (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. पुणेकर असल्याने मी ही गोष्ट मनावर घेतली नाही.) विमानातच मुद्दे काढून ठेवले होते: थंडी, एकटेपणा, भाज्या आणि म्हातारे आईबाप. शेवटचा हुकमी असल्याने राखून ठेवला.

पहिल्याच संध्याकाळी पंचाईत. मुलगा साडेपाचला घरी हजर. आमच्या घराण्यात साडेपाचला घरी दिसणारा पुरुष एक तर आजारी असतो, नाहीतर निलंबित. मी हळूच विचारले, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना?" तर म्हणे रोजच अशी वेळ. वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. मूल झाले की सरकार आईबापांना मिळून १४ महिने भत्ता देते, पण दोघांनीही त्यातले निदान २ महिने घेतले तरच. म्हणून चिरंजीव तेव्हा घरी बसून दुपटी बदलत होते.

"तुझ्या जन्माच्या वेळी मी ऑडिटला होतो," मी अभिमानाने म्हणालो.

"आई अजून सांगते ते," तो म्हणाला.

थंडीचा मुद्दा काढणार होतो, पण जून होता.

पुढे एका सकाळी दार उघडले तर मुठीला एक पाटी लटकलेली. मला जर्मन येत नाही, पण दारावर काही लटकवले की ती जाहिरात, हे कळायला भाषा कशाला लागते? पाटी उचलली आणि समोरच्या आजीबाईंच्या दाराला अडकवून दिली. पुणेकराचा हात अशा कामात आपोआप चालतो.

संध्याकाळी आजीबाई दारात. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात फाइल. फाइलमध्ये भाडेकरार आणि करारातली एक ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली. मुलाने त्यांची माफी मागितली आणि मग मला समजावले. पाटीवर लिहिले होते 'केरवोखे'. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात मजल्यावरचा जिना झाडून पुसायचा, मगच पाटी शेजाऱ्याकडे. या प्रथेचे मूळ १४९२ च्या शहरकायद्यापर्यंत नेतात. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असे त्यात होते. त्याच वर्षी कोलंबस भारतात यायला निघाला आणि भलतीकडेच पोचला, तेव्हा मला एकट्याला हसू नका. नगरपालिकेची सक्ती १९८८ मध्ये उठली, तरी भाडेकरारांतून प्रथा चालूच आहे. पुण्यात सोसायटीचा सेक्रेटरी असताना 'जिन्यात चपला ठेवू नयेत' अशी नोटीस मीच लावली होती. तिच्याखाली ठेवलेल्या चपलाही माझ्याच होत्या.

"बाबा, पाटी तुम्ही हलवलीत, तर आता तुम्हीच झाडा ना," सूनबाई म्हणाली.

पुण्यात हे वाक्य तिच्या ओठांवर येण्याआधीच दोन आत्या, एक काकू आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीण बाईंनी अडवले असते. इथे अडवणारे कोणी नव्हते. इथे फक्त मी होतो आणि माझ्या हातात झाडू होता.

मी खालच्या पायरीपासून वर झाडत गेलो. पाचव्या पायरीला पोचेपर्यंत खालच्या चारही पायऱ्यांवर पुन्हा केर. आजीबाई दाराच्या फटीतून बघत होत्या. त्यांनी बोटाने वर दाखवले, मग खाली. भाषेची अडचण अशी काही आलीच नाही.

एवढ्यात सौ. बाहेरून आली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सूर्य नुकता मावळत होता. मारिएनप्लाट्झहून दातेरी रुळांच्या गाडीत बसून ती एकटीच वर डेगरलोखला जाऊन आली होती. हीच बाई पुण्यात लक्ष्मी रोडला निघाली की मी "किती वाजता येशील?", "कोण आहे बरोबर?", "मग जेवणाचं काय?" असे विचारून तिला चप्पल काढायला लावायचो. ओल्या पायरीवरून अलगद पाय टाकत ती म्हणाली, "अहो, तो कोपरा राहिला."

लोक परदेशातल्या सुखाचे श्रेय पगाराला आणि स्वच्छ रस्त्यांना देतात. रस्ते चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण करही भरपूर कापतात, आणि तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत दुखणे कंटाळून निघून जाते. माझ्या मते या सुखात खरा वाटा माझा आहे. मी, आत्या आणि काकू तिथून सुमारे साडेसहा हजार किलोमीटरवर राहतो. एवढ्या अंतरावरून डोळे वटारलेले दिसत नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री हुकमी मुद्दा बाहेर काढला. "आम्ही आता म्हातारे झालो रे."

"मग इथेच राहा," मुलगा म्हणाला.

उत्तर मला सुचण्याआधी सौ.ने नियम विचारून घेतले. पाहुण्यांच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. तिचे पुढचे ९० कधी सुरू होतात ते तिने कॅलेंडरवर मांडून ठेवले आहे. मला न्यायचे की नाही, याचा विचार अजून चालू आहे.