माळकऱ्यांच्या घरची अंडी

"काय गं, खिचडीवाल्या बाई आज लवकर घरी?"

"खिचडीवाली नका म्हणू हो काकू. आता मसालेभात, सोयाबीन पुलाव, मटकीची उसळ, शेवगा-वरण. शाळेच्या भिंतीवर तक्ताच लावलाय."

"तक्ता सरकारचा, हात तुझा. आमचा नातू डब्यात नूडल्स नेतो त्याच्या इंग्रजी शाळेत, आणि येताना तुमच्या फाटकाशी रेंगाळतो म्हणे."

"रेंगाळतो? परवा पंगतीतच बसला होता! पटावर नाव नाही, पण उठवायचं कसं? माझ्या वाट्यातलं वाढलं."

"अगं बाई! घरी वरणभात बघून नाक मुरडतो मेला."

"पंगतीत सगळं गोड लागतं, काकू. पण तांदूळ मापात येतो. पाचवीपर्यंत पोरामागं शंभर ग्रॅम, पुढं दीडशे. तुमच्यासारखं 'घे गं अजून मूठभर' नाही चालत. आणि आधी मास्तरांनी चव घ्यायची. 2013 ला बिहारात छपऱ्याकडं जेवणात कीटकनाशक गेलं, 23 पोरं दगावली. ते आठवलं की मी तेलाचा डबासुद्धा वास घेऊनच उघडते."

"आणि पगार काय देतात गं? सांग की, मी कुणाला सांगतेय."

"पगार कुठला, मानधन. महिन्याला अडीच हजार, तेही दहाच महिने. सुट्टीत आम्हाला भूक लागत नाही, असं धरलंय वाटतं."

"बरं, त्या अंड्याचं काय झालं? बंद केलं ना?"

"2023 च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक मिळायचं. न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी हजेरी बघायची होती तुम्ही! शेरडं राखायला जाणारी पोरंसुद्धा भांग पाडून हजर. मग 2025 च्या जानेवारीत सरकारनं पैसे थांबवले. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे."

"लोकसहभागातून देवळाला कळस चढतो गं. अंड्याची पावती कोण फाडणार?"

"माझी नणंद तमिळनाडूत असते, होसूरला. तिकडं शाळेत रोज अंडं. 2022 पासून तर लहान वर्गांना सकाळची न्याहारीपण सुरू केलीय. आपल्याकडं एका अंड्यावरून गावात दोन तट."

"त्यातल्या एका तटाचे पुढारी आमच्याच घरात आहेत की! गळ्यात माळ, तोंडात विठ्ठल. शाळेत अंडं शिजलं म्हणून दोन दिवस धुसफुसत होते. मी म्हटलं, अहो, ज्यांच्या घरी डाळ महिन्यातून दोनदा शिजते, त्यांच्या पोरांनी काय तुमचे अभंग चघळायचे?"

"बोललात असं?"

"मनात गं. तोंडावर बोलले असते तर आज इथं कुंपणाशी उभी असते का?"

"नातवाचा वाढदिवस आलाय ना?"

"बुधवारी. सुनेनं हजाराचा केक सांगितलाय. त्यातला निम्मा गालांना फासणार."

"हजारात अंड्याचे चार ट्रे सहज येतील, काकू."

"बघ, लगेच माझ्या बटव्यात हात! ...फळ्यावर देणाऱ्याचं नाव लिहितात का?"

"लिहितात की. मोठ्या अक्षरात, रंगीत खडूनं."

"मग सुनेच्या माहेरचं आडनाव लिही. तिकडं सगळं चालतं. आणि ह्यांनी विचारलं तर केळी दिली म्हणून सांगायचं. एक डझन केळी घेच त्यात, एकादशी तोंडावर आलीय, अगदीच खोटं नको पडायला."